भाकरी: चावून की कुस्करून?

आमच्या घरी ज्वारीच्या भाकरीचे दोन पंथ आहेत. वडील चतकोर-चतकोर मोडून ठेच्याबरोबर कोरडीच चावतात. मी आमटीत कुस्करतो, वर कच्च्या तेलाची धार, आणि पाच मिनिटांत ताट रिकामं.

चवीला काल्याला तोड नाही. पचनाच्या बाबतीत मात्र वडिलांचं पारडं जड. कोरडा घास गिळताच येत नाही, चावावाच लागतो. चावताना लाळ सुटते आणि तिच्यातलं अमायलेज हे पाचक विकर (एन्झाइम) पिष्टाची (स्टार्चची) साखर करायला तोंडातच सुरुवात करतं. नुसता भाकरीचा तुकडा मिनिटभर चघळून बघा, गोडसर लागतो. माझा घास आमटीबरोबर सरकन उतरतो. पिष्ट पुढे लहान आतड्यात पचतंच, म्हणजे आकाश कोसळत नाही. पण घाईत हवाही गिळली जाते, मग ढेकर आणि पोटफुगी. शिवाय पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण २० मिनिटं लागतात, तोवर माझी तिसरी भाकरी संपलेली असते.

अमेरिकेतल्या होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) यांनी तर घास पातळ होईपर्यंत चावा, असा प्रचारच केला होता. एवढं मला जमायचं नाही.

आजीला दात नाहीत, तिला दुधात कुस्करलेलीच भाकरी हवी आणि तेच बरोबर. पण ती एकेक घास तोंडात किती वेळ घोळवते! तेवढं मी उचललंय: काला तसाच, आमटी निम्मी.