‘ईसीयूचा बोर्ड गेलाय’ म्हणून माझ्याकडून पैसे उकळले, दोष निघाला एका वायरमध्ये

आफ्टरमार्केट ईसीयू (इंजिन चालवणारा, बाहेरून घेऊन बसवलेला कॉम्प्युटर) लावलेली गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हे जरूर वाचा.

माझ्या टर्बो गाडीत जोरात ॲक्सिलरेटर दाबला की झटका बसायचा, आणि थ्रॉटल व मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) या दोन्ही सेन्सरांच्या व्होल्टेजचे एरर एकदम यायचे. ट्यूनरने लॅपटॉप जोडला, थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि सांगून टाकलं, "साहेब, ईसीयूचा बोर्ड गेलाय. दोन सेन्सर एकाच वेळी कधी जातात का?" मल्टिमीटर त्याने हातातसुद्धा घेतला नाही. नवा ईसीयू, नवं ट्युनिंग, असं भलंमोठं बिल लावलं. गाडी परत मिळाली तेव्हा एकही एरर नव्हता, झटका मात्र होता तसाच. विचारलं तर म्हणे, "नवीन मॅप (म्हणजे ईसीयूची ट्युनिंग फाइल) आहे, सेट व्हायला वेळ लागतो."

शेवटी गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवली. दोन सेन्सर सहसा एकदम बिघडत नाहीत हे खरंच, पण दोघांना ५ व्होल्टचा पुरवठा बहुतेक वेळा ईसीयूच्या एकाच लाइनवरून होतो. त्या लाइनवर कुठेही शॉर्ट झाला की तिच्यावरचे सगळे सेन्सर एकाच क्षणी खोटं बोलायला लागतात. म्हणून एरर एकत्र आले की आधी ही लाइन तपासायची. त्याने इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मागून प्रोब घातला. मीटरवर ५ व्होल्ट दिसले. मग एका हाताने हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत तो पुढे सरकला. ऑइल प्रेशर सेन्सरकडे जाणारी शाखा हलली आणि आकडा धाडकन शून्यावर आला. सेन्सरचा प्लग काढूनही तेच, म्हणजे सेन्सर चांगला, दोष वायरमध्ये. टेप सोडली तर वायरचं आवरण ब्रॅकेटच्या कडेवर घासून आतलं तांबं उघडं पडलेलं. जोर लावला की इंजिन हलायचं आणि तांबं त्या लोखंडाला टेकायचं.

वायर नीट केली, झटका गेला. मग प्रश्न पडला, दोष जागेवरच होता तर एरर गेले कुठे?

ईसीयूच्या मॅपची फाइल उघडून बघितली आणि डोकंच फिरलं. आधी सेन्सरचा सिग्नल ०.२ व्होल्टखाली किंवा ४.८ च्या वर गेला की एरर येईल, अशी मर्यादा होती. आता ती ० आणि ५ करून ठेवलेली. अशा मर्यादेत एरर येणारच नाही, वायर तुटो की शॉर्ट होवो! आणि ‘नव्या’ ईसीयूचा सीरियल नंबर माझ्या जुन्या लॉग फाइलमध्ये नोंदलेल्या नंबराशी तंतोतंत जुळला. माझाच ईसीयू, वर फक्त नवं स्टिकर. जुना परत मागितला होता तेव्हा "कंपनीला पाठवला" असं सांगितलं होतं.

पैशांपेक्षा मला याचा जास्त संताप येतो, की ट्यूनरने इंजिनच धोक्यात घातलं. मॅप सेन्सरचं व्होल्टेज पडलं की ईसीयूला वाटतं लोड कमी आहे. तो पेट्रोल कमी करतो, इग्निशन पुढे नेतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो. टर्बोच्या पूर्ण दाबावर (बूस्टवर) असं झालं तर पिस्टन फुटू शकतो. अशा वेळी सावध करणारी मुख्य गोष्ट म्हणजे तो एरर, आणि त्याने तोच बंद केला.

कोणी ईसीयू बदलायला सांगितलं तर आधी ५ व्होल्टची लाइन आणि सेन्सरची अर्थिंगची वायर तुमच्यासमोर मोजायला लावा. इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने हवेचा दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल. गाडी देण्यापूर्वी मॅपची फाइल आणि सीरियल नंबरचा फोटो स्वतःकडे ठेवा. काम झाल्यावर नवी फाइल पासवर्डशिवाय मागा आणि एररच्या मर्यादा जुन्या फाइलशी ताडून बघा. जुना ईसीयू हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. माझे अजून परत मिळालेले नाहीत. दोन्ही फाइली आणि बिल जोडून लेखी तक्रार केली आहे.