टाउन हॉल की पोडियमची डिबेट: आधी कोणती पाहावी?

अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या अभ्यासासाठी भाचीला एकच जुनी डिबेट पाहायला वेळ आहे. कोणती पाहू, असं तिने विचारलं.

प्रश्न कोण विचारतं, हा पहिला फरक. टाउन हॉलमध्ये सामान्य मतदार विचारतात; पोडियमच्या डिबेटमध्ये, म्हणजे उमेदवार भाषणाच्या मेजामागे उभे असतात तिथे, पत्रकार. १५ ऑक्टोबर १९९२ला व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये एका तरुणीने विचारलं, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) अडखळले. त्यांचे प्रतिस्पर्धी बिल क्लिंटन तिच्याजवळ चालत गेले आणि त्यांनी आधी तिलाच विचारलं, तुझ्यावर काय झाला? त्या तरुणीसारखा प्रश्न पत्रकाराला सुचत नाही. मला तो आजही हेलावून टाकतो. त्याच कार्यक्रमात बुश घड्याळ पाहताना दिसले. पोडियममागे देहबोली बरीच झाकली जाते.

पण पाठपुरावा? तिथे पोडियमची डिबेट सरस. १९७६मध्ये पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असं तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले; प्रत्यक्षात ते होतं. पत्रकाराने लगेच पुन्हा छेडलं, तरी ते ठाम राहिले आणि चूक पक्की झाली. टाउन हॉलमधल्या मतदाराला असा दुसरा प्रश्न क्वचितच मिळतो.

उमेदवार माणसांशी कसा वागतो हे पाहायचं असेल, तर रिचमंड. धोरणाची पकड तपासायची असेल, तर १९७६. भाचीचा विषय मतदारवर्तन आहे, म्हणून तिला मी रिचमंडच सुचवलं.