बॅचच्या ग्रुपसाठी व्हॉट्सॲप कसं आहे? रिटायरमेंट तोंडावर आलेल्या एका ॲडमिनचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. कॉलेजची विखुरलेली बॅच गोळा करायला व्हॉट्सॲपच्या तोडीचं सध्या काही नाही, पण गोळा झालेली बॅच टिकवायला ते अर्धंच पुरतं, आणि हे पस्तिशी-चाळिशीत कळत नाही, साठीकडे झुकल्यावर कळतं. आमच्यातले बरेचजण आता येत्या एक-दोन वर्षांत रिटायर होतील, काही झालेच आहेत. मी ग्रुपची ॲडमिन, म्हणजे काम कमी आणि बोलणी जास्त, त्यामुळे जे लिहितेय ते रोजच्या वापरातून लिहितेय.

आमच्या वयाच्या लोकांनी या एका कामासाठी किती गोष्टी वापरून झाल्या बघा. आधी याहू ग्रुप्सवर ईमेल फिरायच्या, मग ऑर्कुट आलं २००४ मध्ये, तिथे सगळ्यांनी एकमेकांच्या स्क्रॅपबुकात धुमाकूळ घातला, मग सगळा लोंढा फेसबुककडे वळला, मधे कुणीतरी गुगल प्लसचा आग्रह धरला, परदेशातले लोक स्काइपवर भेटायचे. यातलं आज काय उरलंय? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस २०१९ मध्ये गेलं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये, आणि स्काइपनेही मे २०२५ मध्ये दुकान गुंडाळलं. ज्यांनी आपलं लिखाण आणि फोटो वेळेत उतरवून घेतले त्यांच्याकडे ते आहेत, बाकीच्यांचं गेलं. म्हणून कुठल्याही ॲपचा रिव्ह्यू करताना मी आता एकच प्रश्न आधी विचारते, हे उद्या नसलं तर आपल्या हातात काय राहील? व्हॉट्सॲपच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर फारसं बरं नाही, त्यावर खाली येतेच.

पण आधी चांगलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बॅचमधला सगळ्यात आळशी माणूस तिथे आधीपासून असतो. त्याला नवीन काही उतरवायला सांगावं लागत नाही, पासवर्ड आठवावा लागत नाही, मुलगा-सून-नातवंडांमुळे तो तसाही दिवसभर त्यावरच असतो. बॅचसाठी वेगळं ॲप, वेगळी वेबसाइट असले उत्साही प्रस्ताव दर गेट-टुगेदरनंतर येतात, आणि पहिल्या आठवड्यात पाच-सहा जण नाव नोंदवून आले की तिथे शांतता पसरते. ग्रुपमध्ये आता १,०२४ लोक मावतात (आधी २५६ होते, २०२२ मध्ये वाढवले), म्हणजे एका वर्गाचं सोडा, अख्ख्या कॉलेजचं वर्ष बसेल. बसवू नका मात्र. वर्गाचा ग्रुप आणि अख्ख्या वर्षाचा ग्रुप या वेगळ्या गोष्टी आहेत, तिनशे लोकांत कुणी मनातलं बोलत नाही.

व्हॉइस मेसेज हे आमच्या वयाला मिळालेलं खरं बक्षीस. चष्मा शोधा, तो बारीक कीबोर्ड, त्यात मराठी टाइप करायचं म्हणजे काना एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे, त्यापेक्षा बोलून मोकळं व्हायचं. आमची एक मैत्रीण मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सगळं बोलूनच पाठवायची आणि ऑपरेशन झाल्यावरही तिने ती सवय सोडली नाही, आम्हालाही नकोच होतं. दीडपट-दुप्पट वेगाने ऐकायची सोय २०२१ पासून आहे, फॉरवर्ड आलेल्या भाषणांना ती वापरते, पण वर्गात मागच्या बाकावरून जो आवाज यायचा तोच आवाज आता थोडा घोगरा होऊन येतोय तर तो कशाला पळवायचा. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांच्यासाठी बोलणं लिहून दाखवायची सोय २०२४ च्या शेवटी आली, सगळ्या भाषांत नाही पण आहे. आणि हो, सेटिंगमध्ये चॅट्समध्ये जाऊन अक्षर मोठं करता येतं, हे निम्म्या ग्रुपला माहीतच नसतं (आयफोनवर फोनच्याच सेटिंगमधून करावं लागतं).

पोल ही दुसरी उपयोगी चीज. गेट-टुगेदरची तारीख ठरवणं म्हणजे पूर्वी दोनशे मेसेज, त्यातले दीडशे "मला कधीही चालेल" आणि मग तारीख ठरल्यावर त्याच लोकांचे "अरे त्या दिवशी नाही जमत". पोलमध्ये बारा पर्यायांपर्यंत देता येतात, कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आणि ते दिसतं म्हणूनच लोक जरा विचार करून बोट लावतात. फक्त चारपाच तारखांपेक्षा जास्त देऊ नका आणि "बघू" हा पर्याय अजिबात ठेवू नका, सगळी मतं तिथेच जातात.

ग्रुप व्हिडिओ कॉल ३२ जणांचा होतो, रोजच्या गप्पांना पुष्कळ. मोठी ऑनलाइन भेट असेल तर झूम किंवा गुगल मीट घ्यावं, फुकटात झूम ४० मिनिटांवर तोडतं आणि मीट तिघं किंवा त्याहून जास्त असतील की साठ मिनिटांवर. खरं सांगू का, ४० मिनिटांची कात्री चांगलीच असते, तेवढ्यात प्रत्येकजण दोन वाक्यं तरी बोलतो, नाहीतर एकच माणूस आपल्या प्रमोशनचा इतिहास पहिल्यापासून सांगतो.

आता जिथे दुखतं ते. ग्रुपमध्ये सगळं एकाच ओळीत येतं, बड्डे, बारसं, पुण्यतिथी, राजकारण, गुडघ्याचा एक्सरे, सगळं एकाखाली एक. आमच्याकडे एकाने सकाळी एवढंच टाकलं, "आई गेली पहाटे." त्याच्या खाली लगेच कुणाचा तरी बायको-नवऱ्याचा जोक, त्याने वरचं वाचलंच नव्हतं, मग दुसऱ्या कुणाला तरी बड्डेच्या शुभेच्छा, केकची चित्रं, आणि त्यात अधूनमधून हात जोडलेले इमोजी. ज्याची आई गेली तो बिचारा नंतर काही बोलला नाही, पण बरेच दिवस ग्रुपवर आलाही नाही. यात ॲपचा दोष म्हणता येणार नाही, माणसं न वाचता पाठवतात, पण उपाय ॲपमध्येच आहेत आणि ते वापरावेत. मेसेज पिन करता येतो, तो वर चिकटून राहतो. कम्युनिटी नावाचा प्रकार २०२२ च्या शेवटी आला, त्यात एका छताखाली वेगवेगळे ग्रुप करता येतात, आम्ही "फक्त महत्त्वाचं" असा वेगळा ग्रुप केला जिथे फक्त ॲडमिन लिहितात, आणि टवाळक्यांचा वेगळा. दुःखाची बातमी पहिल्यात जाते. फॉरवर्डच्या पुरावर कंपनीनेही थोडे बांध घातलेत, एका वेळी पाचच ठिकाणी, आणि फार फिरलेलं असेल तर एकाच ठिकाणी, तरी गुड मॉर्निंगची गुलाबाची फुलं कुणी थांबवू शकलेलं नाही, ती येणारच.

फोटोंचं एक सांगते कारण हे प्रत्येक बॅचला लागतं. शेवटच्या वर्षाचा ग्रुप फोटो कुणाच्या तरी कपाटात सापडतो, तो स्कॅन करतो, टाकतो, आणि ग्रुपवर तो असा येतो की पुढची रांग ठीक पण मागच्या रांगेतले चेहरे म्हणजे डोक्याच्या जागी ठिपके, आणि मग "तिसरा कोण रे" वर दिवसभर वाद. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणून. एचडी पर्याय २०२३ पासून आहे तो निवडा, त्याहून बरं म्हणजे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग जसाच्या तसा जातो. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरी मीच होते, हे मला डॉक्युमेंटवरून सिद्ध करता आलं.

वर्गातल्या मुली शोधायला मात्र व्हॉट्सॲप काही कामाचं नाही. लग्नानंतर ज्यांची आडनावं बदलली, काहींची नावंही, त्या कॉलेजातल्या नावाने शोधायची सोय त्यात नाहीच, कुणाकडे तरी नंबर असावा लागतो. आमच्या वर्गातली मुलं सगळी पटापट जमली आणि मुली जमायला कितीतरी वेळ लागला. तिथे अजूनही फेसबुकच बरं, कारण त्यावर माहेरचं नाव जोडता येतं, एकमेकींच्या मैत्रिणींच्या यादीतून हुडकता येतं. माणूस फेसबुकवर शोधायचा आणि ग्रुपमध्ये आणून बसवायचा, असं आमचं चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. व्हॉट्सॲप माणसाला ओळखत नाही, नंबरला ओळखतं. आणि आमच्या वयात नेमका तोच नंबर जाणार असतो. कितीतरी जणांचा वर्षानुवर्षांचा नंबर ऑफिसचा असतो, ईमेलही ऑफिसचाच, शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र आणि सिम टेबलावर ठेवून माणूस घरी जातो आणि त्या संध्याकाळपासून तो कुणालाच सापडत नाही. निरोप समारंभाचे फोटो ग्रुपवर येतात, टाळ्या वाजतात, आणि आठवड्याने कुणीतरी विचारतं, अरे याचा फोन का लागत नाही. तो नंबर पुढे तिसऱ्याच माणसाला मिळतो ते वेगळंच. नंबर बदला ही सोय ॲपमध्ये आहे, अकाउंटच्या सेटिंगमध्ये, ती वापरली की आपले सगळे ग्रुप नव्या नंबरवर येतात, पण ती जुनं सिम चालू असतानाच करून टाकावी, निरोपाच्या हारतुऱ्यांच्या आधी. कुणी वर्षाच्या आत रिटायर होणार असेल तर मी त्याला आताच फोन करून हे सांगते, दोघांनी मला "काय घाई आहे" म्हटलं, मी म्हटलं घाई तुला नाही, मला आहे.

आणि जर अकाउंट साधारण १२० दिवस वापरलंच नाही तर ते सहसा काढून टाकलं जातं, माणूस ग्रुपमधून आपोआप गळतो. आजारपणात, दवाखान्याच्या फेऱ्यांत, फोन ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर एवढे दिवस जायला वेळ लागत नाही. जे मित्र गेले त्यांचे नंबरही काही काळ ग्रुपमध्ये तसेच असतात, ते ॲडमिनने काढायचे की नाही यावर आमच्यात बोलणं झालं, आणि कुणाचाच हात गेला नाही. काही महिन्यांनी ते आपोआप गेले, तेव्हा ग्रुपवर "लेफ्ट" अशी ओळ आली, ती पाहून एकीने मला रात्री फोन केला.

म्हणून यादी बाहेर ठेवा. साधी शीट, नाव, लग्नाआधीचं नाव, दोन नंबर, घरचा ईमेल, पत्ता, आणि नवरा-बायको किंवा मुलांपैकी एकाचा नंबर. हा शेवटचा रकाना लिहायला लोक कचरतात, पण तोच कामाला येतो. शीट तिघांकडे असावी, एकाकडे नको, आणि ग्रुपवर टाकू नये, कारण ती एकदा टाकली की कुठे जाईल ते सांगता येत नाही.

फसवणुकीचं थोडक्यात. कुणी तुम्हाला सहा आकडी कोड आलाय तो पाठवा म्हटलं तर पाठवू नका, मित्राच्या नंबरवरून विचारलं तरी नाही, तसंच तर अकाउंट चोरतात. मग त्या मित्राच्या नावाने "अडचणीत आहे, पैसे पाठव" असा मेसेज अख्ख्या वर्गाला जातो, आणि आपल्या वयाची माणसं जुन्या मैत्रीपोटी पटकन पाठवतात. आधी आवाज ऐकायचा, मग पैशाचं बघायचं. सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आहे तो लावून घ्या.

ग्रुपमुळे एक नुकसानही झालंय आणि ते मला जास्त खटकतं. रोज ग्रुपवर दिसतो म्हणून आपण एकमेकांशी बोलतो असं वाटायला लागतं, प्रत्यक्षात दोन माणसांचं बोलणं वर्षात एकदाही होत नाही. २०२२ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं होतं, त्यात असं दिसलं की आपण सहज कुणाची चौकशी केली तर समोरच्याला त्याचं किती बरं वाटतं याचा आपला अंदाज सहसा कमी पडतो. मी म्हणून बड्डेला ग्रुपवर काही लिहीत नाही, थेट फोन करते. पहिल्यांदा लोक घाबरतात, "काय झालं?" म्हणतात. मग अर्धा तास जातो, पेन्शन, बीपी, मुलांची लग्नं, आणि शेवटी कॉलेजच्या कँटीनवर गाडी येतेच.

तर साडेतीन. दीड स्टार कापला तो नंबरवर टांगलेल्या ओळखीसाठी आणि एकाच ओळीत सगळं कोंबण्यासाठी. वीसेक जणांची बॅच असेल तर डोळे झाकून घ्या. शंभरच्या वर असाल तर कम्युनिटी करा, दोन-तीन ॲडमिन ठेवा, त्यातला एक तरी आता नोकरीत नसलेला असू दे, वेळ त्याच्याकडेच असतो.