ताय ची की वजनं? सत्तरीतल्या हाडांसाठी काय निवडावं

आईचं वय ७१. गेल्या दिवाळीनंतर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे २.३ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार. म्हणजे ती अगदी उंबरठ्यावर. कचराळी तलावाला तिच्यासोबत फेऱ्या मारणाऱ्या दोघीजणी ताय चीला, म्हणजे सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामाला, जायला लागल्या होत्या. भाऊ म्हणत होता, सरळ जिम लावू या. तुमच्याही घरी हाच वाद चालू असेल, तर आम्हाला जे उमगलं ते सांगते.

आधी एक गुंता सोडवायला हवा. हाड दाट होणं वेगळं आणि माणूस न पडणं वेगळं. खुब्याचं हाड मोडतं ते जवळपास नेहमी पडल्यामुळेच. त्यामुळे दोन्हीकडे बघावं लागतं, आणि इथेच हे दोन व्यायाम वेगळे होतात.

ताय चीची खरी ताकद तोल सांभाळण्यात आहे. पहिल्या दिवशी मी आईसोबत गेले होते. गुडघे किंचित वाकवून, एका पायावरचा भार सावकाश दुसऱ्यावर न्यायचा, टाच आधी टेकवायची, आणि पूर्ण भार गेल्याशिवाय मागचा पाय उचलायचा नाही. बघायला सोपं वाटतं. दहाव्या मिनिटाला माझ्याच मांड्या थरथरायला लागल्या. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सत्तरीपुढच्या ६७० जणांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ही सगळी आधी पडलेली किंवा चालताना अडखळणारी माणसं होती. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताय ची करणाऱ्यांचं पडणं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी झालं. ताकद, तोल आणि चालणं असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ते ३१ टक्क्यांनी कमी होतं.

हाडाची घनता मात्र ताय चीने फारशी वाढत नाही. काही अभ्यासांत झीज थोडी मंदावलेली दिसते, बस. कारण साधं आहे: हाडाला जोराचा ताण बसला तरच ते नवं बांधकाम काढतं, आणि ताय चीत सगळं हळुवार असतं.

तो ताण वजनं देतात. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चांगली जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. पण तिथे प्रत्येकीवर जाणकाराची नजर होती. आम्ही घराजवळच्या एका जिममध्ये चौकशी केली, तर ट्रेनरने रिपोर्ट न बघताच आईला पाय लांब करून पुढे वाकायला सांगितलं. मणके विरळ असताना पाठ गोल करून वाकणं धोक्याचं असतं, त्याने मणका दबू शकतो. योगवर्गातल्या पश्चिमोत्तानासनालाही हेच लागू. तिथून आम्ही परत आलो.

चालणं हृदयासाठी उत्तम, सोडू नका. पण मणक्यांना त्याचा फायदा नगण्य. पोहण्यात शरीराचा भार पाणीच पेलतं, म्हणून हाडांसाठी ते धरूच नका.

मग निवडायचं कसं? आईला ओट्याजवळ उभं करून एका पायावर दहा सेकंद थांबायला सांगितलं. चौथ्या सेकंदाला तिने ओटा धरला. वर्षभरात ती एकदा मोरीत घसरलीही होती. अशा माणसाने ताय चीच आधी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ज्यांचा तोल पक्का आहे पण स्कोअर वाईट आहे, त्यांनी फिजिओथेरपिस्ट गाठून वजनांपासून सुरुवात करावी. मणका आधीच दबलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नकोत. आणि हाडांसाठी गोळ्या चालू असतील, तर व्यायाम लावला म्हणून त्या बंद करू नका.

आईची ताय ची आता पाच महिने झाली. सलवारीत पाय घालताना ती कपाट धरत नाही. गेल्या महिन्यापासून फिजिओथेरपिस्टने वजनंही सुरू केली आहेत, सध्या दोन्ही हातांत मिळून चार किलो.