गणपतीत घर भरलेलं, पोरं लहान आणि पंगतीचे मोदक बचत गटाचे

आधीच सांगून टाकते, घरात लहान मुलं असतील आणि गावचा गणपती मोठा असेल तर पंगतीचे मोदक बाहेरून घ्या, बिनधास्त घ्या. आम्ही यंदा 2025 ला घेतले, शृंगारतळीजवळच्या एका वाडीतल्या बायकांच्या बचत गटाकडून, आणि त्याबद्दल नीट सविस्तर लिहायचंच होतं कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी असणार ज्या डोंबिवली, विरार, ठाण्याहून एक पोर कडेवर आणि एक हाताला धरून गावी जातात आणि चतुर्थीच्या दिवशी बाप्पासमोर निवांत बसायला मिळतं ते थेट रात्री. घरगुती काम आहे, ओळखीतूनच ऑर्डरी घेतात, म्हणून गटाचं नाव-नंबर इथे टाकत नाही. पण गुहागर-चिपळूण पट्ट्यात आणि एकूणच कोकणात असे गट भरपूर आहेत, गावातल्या कुठल्याही काकींना विचारलंत तरी सांगतील.

आमचं सासर गुहागर तालुक्यात. गणपती गौरीबरोबर जातो, सगळे चुलते एकत्र, त्यामुळे चतुर्थीला दुपारी तीस-पस्तीस पानं सहज होतात. एका पानावर दोन तरी मोदक, पुरुष मंडळी आणि कॉलेजची पोरं चार-पाच सुद्धा खातात, वर शेजारीपाजारी द्यायचे ते वेगळे. म्हणजे शंभरच्या खाली गोष्टच नाही. आणि मोदकाचं काम असं आहे की ते मधेच सोडून उठता येत नाही. पाण्याला उकळी आली, त्यात मीठ-तूप पडलं, पिठी घातली, झाकण ठेवून वाफ काढली की ती उकड गरम असतानाच मळायला लागते, हात भाजत असला तरी, वाटीच्या बुडाने दाबत, पाणी आणि तेलाचा हात घेत. थंड झाली की पारीला चिरा जातात आणि कळ्या फाटतात. आता माझा बारका दीड वर्षाचा. त्याला नेमकं त्याच वेळी भूक लागणार नाहीतर झोप येणार नाहीतर तो सरळ स्वयंपाकघरात येऊन चुलीकडे बघत उभा राहणार. एकीकडे चूल पेटलेली, दुसरीकडे गॅसवर मोदकपात्र, खाली जमिनीवर पाटावर बसून चार बायका वळतायत आणि मधून एक रांगणारं नि एक पळणारं पोर, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल. जाऊबाईंची मुलगी पण लहान आहे, म्हणजे दोघी आया एका वेळी अडकलेल्या आणि मुलं कोणाच्या तरी मांडीवर रडतायत.

विषय निघाला तेव्हा आईंना (सासूबाईंना) ते पटलं नाही. "बाप्पाचा नैवेद्य विकतचा?" एवढंच म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं. इतकी वर्षं त्या घरात सोवळ्यात मोदक झालेत, त्याला एक मान आहे. शेवटी ठरलं असं की नैवेद्याचे एकवीस घरीच, आईंच्या हातचे, आणि पंगतीचे बाहेरून. एकवीस मोदक म्हणजे एक घाणा, एक मोदकपात्र, तासाभरात हात मोकळे. माझ्या मते लहान मुलांच्या घरात हीच खरी सोय आहे आणि यात कोणाचंच मन मोडत नाही.

आता गटाबद्दल. पिठी, गूळ, नारळ त्यांना आधी भरायला लागतात म्हणून ऑर्डर आठवडाभर आधी द्यावी लागते, आणि निम्मे पैसे आधी, जीपे चालतं. मोदक पंचवीस रुपयाला एक. मुंबईत गणपतीत चाळीस-पन्नास देऊन रबरासारखे मोदक खाल्लेत, त्यामुळे मला हा भाव अजिबात जास्त वाटला नाही, उलट त्यांच्या मेहनतीला कमीच वाटला. फोनवर बोलणाऱ्या काकींनी पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे "पानं किती वाजता वाढता?" किती हवेत हे नंतर. त्या एका प्रश्नावरच मी म्हटलं की इथेच घ्यायचे. त्यांचं म्हणणं, मोदक पात्रातून काढल्यापासून पानात पडेपर्यंत दीड-दोन तासाच्या वर जाऊ नये, त्या हिशोबाने त्या घराघराची वेळ लावून वळायला घेतात, आधी ज्यांची पंगत लवकर त्यांचे.

आदल्या दिवशी, हरतालिकेला, बाजारात गेले होते तेव्हा मोठीला घेऊन त्यांच्याकडे डोकावले. एकीच्या घराच्या पडवीत काम चालू होतं, चुलीवर मोठ्या पितळी पातेल्यात सारण, नारळ नि गूळ, आणि काकी कलथ्याने कडेकडेने ढवळत होत्या. सारण कधी उतरवायचं ते त्यांनी मोठीला दाखवलं, गूळ विरघळून पहिल्यांदा पातळ होतं, मग हळूहळू कडा सोडायला लागतं, पण पूर्ण कोरडं व्हायच्या आत उतरवायचं कारण गार झालं की ते अजून आळतं. वेलची आणि जायफळ शेवटी. पिठी आंबेमोहराची, तांदूळ धुवून सावलीत फडक्यावर वाळवून गिरणीतून बारीक दळून आणलेली. तिथेच एक आजी नमुन्याला दोन-चार वळत होत्या, गोळा घेतला, अंगठे मधे आणि बोटं बाहेर, वाटी करत करत पारी कडेला इतकी पातळ की मागचा उजेड कळत होता, मधे मात्र जाडसर ठेवलेली. मग तेल-पाण्यात बोटं बुडवून चिमटीने एकेक कळी, अगदी जवळजवळ, आणि सारण भरून सगळ्या कळ्या एकत्र आणून वर टोक. मोठी चार वर्षाची आहे, एका जागी दोन मिनिटं बसत नाही, ती तिथे मांडी घालून बसली आणि हलायला तयार नव्हती. आजींनी तिच्या हातात छोटा गोळा दिला, तिने त्याचा केला तो मोदक की पेढा ते सांगता येणार नाही पण आजींनी तो तसाच तिच्यासाठी पात्रात ठेवला आणि उकडून दिला.

27 ऑगस्टला, चतुर्थीला, पाऊस असा होता की समोरचं झाड दिसेना. गटातल्या एकीच्या मुलाची रिक्षा आहे, तोच घरोघरी पोचवतो. आमचं घर खाली, रस्त्यावरून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून यावं लागतं, रिक्षा वरच थांबते. तो प्लास्टिक पांघरून डबे दोन्ही हातात घेऊन त्या शेवाळलेल्या पाखाडीने सावकाश खाली आला, एक मोदक इकडचा तिकडे झाला नव्हता. स्टीलचे मोठे डबे, आत थराथराला केळीचं पान, प्रत्येक मोदकाखाली हळदीच्या पानाचा तुकडा. झाकण उघडलं आणि तो हळदीच्या पानाचा वास माजघरभर पसरला, बारका झोपेतून उठला होता तो थेट डब्याकडे. हळदीची पानं याच दिवसात मिळतात आणि त्या पानाच्या वाफेशिवाय मोदकाला मजा नाही, मुंबईत बऱ्याच ठिकाणी हे गाळतात. झाकणाच्या आत सुती फडकं बांधलेलं होतं, वाफेचं पाणी मोदकावर पडू नये म्हणून. एवढा विचार कोण करतं?

चव सांगायची तर पारी पातळ पण फाटलेली नाही, शंभरात दोन-तीन बुडाला उललेले होते, तेवढे घरी पण होतात. सारण ओलसर, दाताखाली नारळ लागतो, गुळाचा पाक गळत नाही. मला स्वतःला गोड किंचित जास्त वाटलं, पण घरात बाकी कोणाचीच तक्रार नव्हती आणि आईंनी पहिला घास घेतल्यावर काही न बोलता तूप वाढून घेतलं आणि दुसरा मागितला. माझ्या दृष्टीने हाच शेरा. चुलत सासरे पाच खाऊन उठले. संध्याकाळी उरलेले पाच-सहा मी मुद्दाम पारी बघायला मोडून पाहिले, कडक झाली नव्हती. मुलांचं म्हणाल तर बारका टोक मोडून आतलं सारण तेवढं चमच्याने खातो आणि पारी माझ्याकडे देतो, मोठी आधी तुपात बुडवून कळ्या एकेक सोडवून खाते, तिचा एक मोदक संपायला अर्धा तास लागतो पण संपवते.

उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या पण त्या करून देतात, जिरं आणि हिरवी मिरची वाटून घातलेल्या. मोठ्यांना जबरदस्त, गोडावर गोड खाऊन झाल्यावर दह्याशी फारच छान लागतात. पण लहान मुलांना अजिबात नाही, मिरची चांगलीच झोंबते. मुलांसाठी मिरची न घालता वेगळ्या द्या असं आधीच सांगून ठेवा. दुसरी अडचण डब्यांची, ते त्याच दिवशी संध्याकाळी धुवून परत हवे असतात कारण दुसऱ्या घरचे त्यातच जायचे असतात, आणि चतुर्थीच्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा डबे घासून वर रस्त्यावर नेऊन देणं हे एक काम वाढतं. घरचे डबे आधी नेऊन दिले तर त्यात भरून देतात, तसंच करा. आणि ऑर्डर एकदा दिली की आकडा वाढवून मिळत नाही, आयत्या वेळी पाहुणे वाढले तर आपलं आपण बघायचं. रेंज पण धड नाही त्या वाडीत, फोन लागत नाही, मेसेज टाकून ठेवायचा आणि त्या रस्त्यावर आल्या की बघतात.

पण एक गोष्ट त्यांनी मागितल्यावर दिली ज्यासाठी मी त्यांना वेगळे मार्क देईन, मुलांसाठी मूठभर मळलेली उकड ओल्या फडक्यात गुंडाळून आणि वाटीभर सारण. तेवढ्यात घरातली चारही लहान मुलं जेवणं व्हायच्या आधी ओटीवर बसून अर्धा-पाऊण तास रमली, हाताला तेल लावून, चिवडून, मोदक म्हणून काहीबाही करत. शिवाय गरम काही नाही, म्हणजे भाजायची भीती नाही. आईंनी त्यांचे ते चारही मोदक घरच्या पात्रात उकडून घेतले आणि नैवेद्याच्या ताटाच्या कडेला, वेगळ्या वाटीत ठेवले. मोठी दिवसभर येईल त्याला ती वाटी दाखवत होती.

आणि यंदा मी दुपारच्या आरतीला पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी होते, बारका कडेवर, त्याच्या हातात टाळ. आमच्याकडे वाडीतली सगळी मंडळी घराघरातून आरत्या करत येतात, ढोलकी, झांजा, पोरांचा आवाज, एकेका घरी चांगला वेळ चालतं. एरवी मी हे आतून, उकड मळता मळता ऐकलंय. जाऊबाई पण होत्या शेजारी, त्यांचे डोळे भरून आले होते, माझे पण. पैसे कशासाठी दिले असं कोणी विचारलं तर मी यासाठी म्हणेन.

गौरीच्या दिवसाचं मात्र आधीच सांगते, गौरी पूजनाला हा गट काहीच घेत नाही, घावन-घाटलं पण नाही. त्यांच्याही घरी गौरी आहेत, ओवसे (नव्या सुनांनी गौरीला सूप वाहायचं ते) आहेत, सुना-लेकी आलेल्या असतात, त्या दिवशी त्या त्यांच्या घरच्या. मला हे आवडलं. चतुर्थीला पण दुपारी बारानंतर पोचवायची ऑर्डर घेत नाहीत, कारण मग त्यांची स्वतःची पंगत असते.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्यामुळे गणपती उशिरा आहेत, 14 सप्टेंबर 2026, सोमवार. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून तसं झालंय, पूर्वीचे 120 दिवस डोक्यात ठेवून बसू नका. म्हणजे दोन-तीन दिवस आधी जाणाऱ्यांनी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच सकाळी आठला फोन हातात घेऊन बसायचं. तिकीट हातात पडलं की त्याच आठवड्यात मोदकांचं पण बोलून ठेवा, पक्का आकडा नंतर दिला तरी चालतो पण यादीत नाव आधी लागलेलं बरं. ज्यांच्याकडे पंगत पन्नास-साठ पानांच्या वर जाते त्यांनी मोदक दोन गटांत वाटून सांगा, कारण या बायका झेपेल तेवढंच घेतात आणि जास्त झालं की सरळ नाही म्हणतात.