पाव एकर वावर: निशिगंध लावावा की मोगरा?

पाव एकर फुलांना द्यायचं ठरलं की पहिली चौकशी भावाची होते. भाव रोज बदलतो. तुमच्या विहिरीचं पाणी मात्र दरवर्षी साधारण त्याच आठवड्यात खाली जातं. म्हणून विदर्भात निशिगंध की मोगरा हे ठरवताना आधी एकच गोष्ट बघा: एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत विहीर रोज किती वेळ चालते?

मोगऱ्याचा मुख्य बहार मार्च ते जून. लग्नसराई, गजरे, हार, सगळी मागणी याच दिवसांत आणि झाडाला पाणीही याच दिवसांत सर्वांत जास्त लागतं. पाव एकरात 1.2 मीटर बाय 1.2 मीटरवर साधारण 700 झाडं बसतात. मे महिन्यात भरलेल्या झाडाला ठिबकवर रोज 8 ते 10 लिटर धरून चाला, म्हणजे साडेपाच ते सात हजार लिटर. पंप फार वेळ चालवावा लागत नाही, पण रोज चालवावा लागतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, आठ दिवस पाणी चुकलं तर झाड मरत नाही, पण कळी बारीक पडते, गळते आणि कमाईचा हंगाम तिथंच आटोपतो.

निशिगंधाचं उलटं. त्याची भर ऑगस्ट ते नोव्हेंबर, म्हणजे श्रावण, महालक्ष्म्या, नवरात्र आणि दिवाळी. त्या काळात बहुतेक पाणी पाऊसच देतो. उन्हाळ्यात पाणी असेल तर आठवड्याला एक पाळी द्या, थोडे दांडे येत राहतात. मात्र पारा 40 च्या वर गेला की दांडा आखूड राहतो आणि फुलं कमी लागतात. पाणी नसेल तर पानं वाळतात, कंद जमिनीत जिवंत राहतो आणि मृगाच्या पावसावर पुन्हा फुटतो. अट एवढीच, की काळी जमीन भेगाळून कंद उघडे पडू नयेत. त्यासाठी वाफ्यांवर सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार बोटं जाड पसरून ठेवा.

म्हणजे मे महिन्यात गावाला टँकर येत असेल तर मोगऱ्याचा विचार सोडा. पाणी टिकत असेल, तरच पुढची तुलना करण्यात अर्थ आहे.

जमीन

अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा या भागातल्या भारी काळ्या जमिनीत दोन्ही पिकं येतात, पण दोघांची दुखणी वेगळी. निशिगंधाचा कंद साचलेल्या पाण्यात सडतो. ऑगस्टच्या झडीत तीन-चार दिवस पाणी उभं राहिलं की पानं बुडाशी पिवळी पडून लोळतात, बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ही खोडकूज. एकदा दिसली की ते झाड मातीसकट उपटून वावराबाहेर न्यायचं; औषधानं ते उठत नाही. म्हणून काळ्या जमिनीत सपाट लागवड करूच नये. 90 सेंटिमीटर माथ्याचा, फूटभर उंच गादीवाफा, मध्ये 45 सेंटिमीटरचा चर आणि चराचं तोंड उताराकडे नाल्यात काढलेलं. शेणखतात ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठ-दहा दिवस सावलीत ओलसर ठेवा आणि मग ते वाफ्यात घाला.

मोगऱ्याची मुळं थोडं जास्त सोसतात, पण चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही. शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की समजा. युरिया वाढवून हा पिवळेपणा जात नाही, उलट नुसता पाला माजतो. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, अशी संध्याकाळची फवारणी महिन्याला एक, पानं हिरवी होईपर्यंत. जमिनीत फूटभरावरच पांढरा चुनखडीचा थर लागत असेल तर खड्डे खोदण्याआधीच बेत बदला, कारण ही फवारणी मग जन्मभर करावी लागते.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानाच्या बांधीत निशिगंध लावण्याचा मोह होतो. बांधी पाणी धरून ठेवण्यासाठीच बनवलेली असते, हे एक. दुसरं कारण जास्त गंभीर: धानाच्या पानाचा शेंडा पांढरा करणारा सूक्ष्म कृमी निशिगंधावरही जगतो. दांडा खरखरीत आणि वाकडा होतो, पाकळ्यांवर तपकिरी रेघा येतात, कळी उमलतच नाही. सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांच्या, जातींना हा जास्त लागतो. त्या भागात बांधी सोडून उंचवट्याची, निचऱ्याची जागा निवडा, नाहीतर मोगराच बरा.

लागवड आणि पहिला पैसा

निशिगंध एप्रिल-मेमध्ये लावतात. पाणी कमी असेल तर जूनचा पहिला आठवडाही चालतो. कंद 2 ते 3 सेंटिमीटर जाडीचा हवा. त्याहून बारीक कंद पहिल्या वर्षी नुसती पानं देतो. ताजा काढलेला कंद लगेच लावू नका, महिना-दीड महिना सावलीत पसरून विसावा द्या. लावण्याआधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम या द्रावणात 15-20 मिनिटं बुडवा, हातमोजे घालून. वाफा आधी ओलवून घ्या, कंद 5-6 सेंटिमीटर खोल लावा आणि कोंब दिसेपर्यंत जास्त पाणी देऊ नका. फुटण्याआधीचं जादा पाणी म्हणजे कुजलेला कंद. वाफ्यावर तीन ओळी, दोन कंदांत 20 सेंटिमीटर, या हिशोबानं पाव एकराला साधारण 11 हजार कंद लागतात. वजनानं तीन क्विंटलच्या आसपास. खर्चाचा मोठा भाग हाच.

खत हेक्टरी 200 किलो नत्र, 150 स्फुरद, 200 पालाश धरलं तर पाव एकराला 43 किलो युरिया, 94 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 33 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. सुपर आणि पोटॅश लागवडीला, युरिया तीन हप्त्यांत: लागवडीला, 30 दिवसांनी आणि 60 दिवसांनी. शेणखत अडीच ते तीन टन. साधारण 80 ते 110 दिवसांत दांडे येतात. म्हणजे एप्रिलअखेर लावलेला निशिगंध त्याच वर्षीच्या महालक्ष्म्यांना बाजारात जातो.

मोगऱ्याला हा वेग नाही. जून-जुलैत दीड फुटी खड्ड्यात 10 किलो शेणखत घालून रोप लावायचं, पहिल्या वर्षी आलेल्या कळ्या खुडून टाकायच्या म्हणजे झाड फुटतं, दुसऱ्या वर्षी थोडी फुलं, खरं उत्पन्न तिसऱ्या वर्षापासून. पण मग ते झाड दहा-बारा वर्षं चालतं. निशिगंध तिसऱ्या वर्षानंतर दाटतो, दांडे बारीक होतात आणि सगळं खोदून कंद निवडून नव्या जागी लावावं लागतं. त्या वेळी जास्तीचे कंद विकता येतात, ही जमेची बाजू. हातात पैसा लवकर फिरायला हवा असेल तर निशिगंध; दोन वर्षं दुसऱ्या पिकावर घर चालत असेल तर मोगरा.

मोगऱ्याची छाटणी

वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रेवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी) झाडाला पाण्याचा ताण देतात तसाच मोगऱ्याला द्यायचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी बंद. हलक्या जमिनीत तीन आठवडे, भारी जमिनीत चार-पाच. पानं पिवळी होऊन गळू लागली की डिसेंबरअखेर जमिनीपासून दीड फुटावर छाटणी करा, वाळलेल्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढा, जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. मग आळं खणून खत आणि हलकं पाणी. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला 60 ग्रॅम नत्र, 120 स्फुरद, 120 पालाश. म्हणजे 130 ग्रॅम युरिया, 750 ग्रॅम सुपर, 200 ग्रॅम पोटॅश. निम्मं छाटणीनंतर, निम्मं जून-जुलैत. छाटणी टाळली तर झाड उंच, हिरवंगार आणि रिकामं राहतं, कारण मोगरा नव्या फुटीवरच फुलतो. मोगरा फुलत नाही अशी तक्रार असलेल्या बागांत बहुतेक वेळा हेच चुकलेलं असतं.

तोडणीला माणसं कुठून येणार

हा प्रश्न पाण्याच्या खालोखाल महत्त्वाचा आहे आणि बरेचजण तो लागवड झाल्यावर विचारतात. निशिगंधाची भर आली की गावात सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी लागते. पहाटे फुलं तोडायला येणाऱ्या बाया सात वाजता दुसऱ्याच्या वावरात असतात. पावसाळ्यातलं निंदणही पऱ्हाटीच्या (कापसाच्या) निंदणाबरोबरच येतं. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळ्यात, शेतं रिकामी असताना, म्हणून पश्चिम विदर्भात माणूस सहज मिळतो. पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात मात्र मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मेमध्ये तेंदूपत्ता असतो आणि ती कामंही पहाटेचीच.

काम किती, याचाही फरक मोठा. मोगऱ्याच्या एका किलोत हजारो कळ्या असतात आणि टपोरी, पांढरी झालेली पण न उमललेली कळी उजाडण्याआधी, एकेक करून खुडावी लागते. ती संध्याकाळी उमलते. त्याआधी गजरेवालीच्या हातात पोचली नाही तर तिला किंमत नाही. निशिगंधाची सुटी फुलंही सकाळीच विकावी लागतात, पण दांडा म्हणून काढला तर तो पाण्यात चार-पाच दिवस टिकतो. तळची एक-दोन जोड्या फुलं उमलली की बुडाशी चार बोटं ठेवून कापायचा. घरातली दोन माणसं आणि बाजार तासाभराच्या पलीकडे असेल, तर 700 झाडांचा मोगरा झेपत नाही. 200 झाडांपासून सुरुवात करा.

निशिगंधाच्या दांड्यांसाठी डबल (दुहेरी पाकळ्यांची) जात, जसं सुवासिनी, पण गुच्छ घेणारे फुलवाले नागपूर-अमरावतीसारख्या शहरांतच, आणि झडीत डबलच्या कळ्या न उमलता तपकिरी होतात. तालुक्याचा बाजार हारांचा आहे. तिथं सिंगलच: बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल, किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनी. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा त्रास असलेल्या जमिनीत शृंगार जास्त तग धरते. प्रज्वलची फुलं टपोरी, वजनाला चांगली, कळीवर गुलाबी छटा.

किडी

हरभरा आणि तुरीवरची घाटेअळी निशिगंधाच्या कळ्याही खाते, म्हणून तुरीच्या शेजारचा वाफा ऑक्टोबरपासून रोज बघा. मोगऱ्यात दोन वेगळ्या किडी आहेत. कळीला भोक आणि जाळं दिसलं तर कळी पोखरणारी अळी. कळी बुडाशी फुगून जांभळट झाली आणि गळली तर फूलमाशी. फूलमाशीची अळी कोषात जायला जमिनीत उतरते, त्यामुळे गळलेल्या कळ्या रोज वेचून जाळणं आणि झाडाखालची माती हलवत राहणं हे फवारणीइतकंच कामाचं. दोन्ही पिकांना 5 टक्के निंबोळी अर्क तोडणी झाल्यावर फवारा, आधी नाही. एप्रिल-मेमध्ये मोगऱ्याची पानं खालून धुरकट दिसली, बारीक जाळी दिसली, तर लाल कोळी. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला तरी पुष्कळ कमी होतो.

रानडुकरं शेणखताच्या ओल्या मातीत उकरायला येतातच, आणि निशिगंधाचा गादीवाफा एका रात्रीत विस्कटतो. धुऱ्यावर कुंपण नसेल तर त्याचा खर्च निशिगंधाच्याच हिशोबात धरा.

कंद घेताना ज्या वावरातून काढले ते वावर शक्यतो नोव्हेंबरच्या आत, फुलं असताना बघून या. वाकडे दांडे आणि न उमललेल्या तपकिरी कळ्या असतील तर तिथले कंद फुकटही घेऊ नका. मोगऱ्याचं रोप पिशवीतून काढून मुळं पाहा. गाठी असतील तर परत द्या. पाच-सहा महिन्यांचं, तीन-चार फुटवे असलेलं, ठेंगणं रोप उंच सडपातळ रोपापेक्षा लवकर बसतं.