टॉवेलच्या कारखान्यात ‘कॉन्करंट इंजिनिअरिंग’: आठ महिने वापरून पाहिल्यावर

आधीच सांगतो, हे विकत आणलेलं मशीन किंवा सॉफ्टवेअर नाही, कामाची पद्धत आहे. तरी वापरानंतरचा अनुभव म्हणूनच लिहितोय, कारण यावर जे वाचायला मिळतं ते सगळं गाड्यांच्या नाहीतर विमानांच्या कारखान्यांचं. आमचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, माल टेरी, म्हणजे अंगावर फासांची फुलं असलेले टॉवेल, आणि माझ्याकडे सॅम्पलिंग, म्हणजे नव्या मालाचे नमुने काढणं. गड्ड्याची यात्रा उरकली, माणसं कामावर परतली, तेव्हा जानेवारीअखेर सुरुवात केली. आता सप्टेंबर संपत आलाय.

पूर्वीची रीत सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाइकाचं चित्र मर्चंडायझरकडे, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या माणसाकडे यायचं, तिथून डिझायनरकडे, मग सुताची खरेदी, वार्पिंग (ताणा, म्हणजे उभे धागे लावणं), माग, डाईंग, शिलाई, पॅकिंग. ज्याने त्याने आपलं काम उरकून कागद पुढच्याच्या टेबलावर टाकायचा. चूक सापडायची ती धुलाईनंतर, नाहीतर थेट पॅकिंगला. तोवर सूत आलेलं, बीम (ताणा गुंडाळायचा रूळ) भरलेलं.

नव्या पद्धतीत हे सगळे लोक पहिल्या दिवसापासून एकत्र बसतात आणि जमतील तेवढी कामं एकमेकांसाठी न थांबता चालतात. ‘कॉन्करंट इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ झालं ते अमेरिकेत 1988 साली संरक्षण खात्यासाठी झालेल्या एका अहवालानंतर. नेहमी दिलं जाणारं उदाहरण बोइंग 777 चं, जे 1994 मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या डिझाइनला विमान कंपन्यांची माणसंही बसवली होती. इंधन भरायचं पॅनल पंखाखाली इतकं उंच ठेवलं होतं की आपला ट्रक तिथे पोचणारच नाही, हे त्यांच्यातल्याच एकाने दाखवून दिलं. मला या सगळ्या प्रकरणात पटलेली गोष्ट ही एवढीच. बाकी तक्ते आणि बाण सोडून द्या.

पहिलं काम घेतलं ते बाथ टॉवेलचं: 70 बाय 140 सेंटीमीटर, 500 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), म्हणजे नगाला 490 ग्रॅम, आणि दोन्ही टोकांना रुंद डॉबी बॉर्डर, म्हणजे विणीतच नक्षी असलेली पट्टी. टेरीच्या मागावर दोन बीम असतात. एक जमिनीच्या ताण्याचं, घट्ट. दुसरं पाइलचं, म्हणजे फुलांचं, सैल. दोन पिक (आडवे धागे) थोडे मागेच ठेवायचे आणि तिसऱ्या पिकाला तिन्ही एकदम पुढे ठोकायचे, की सैल ताण्याची फुलं वर येतात. बॉर्डरमध्ये फुलं नसतात, वीण दाट असते. म्हणून धुतल्यावर ती अंगापेक्षा जास्त आटते आणि टॉवेल कमरेत आवळल्यासारखा दिसतो.

पहिल्या दोन बैठका एसी केबिनमध्ये झाल्या आणि फुकट गेल्या. आमचे जॉबर, म्हणजे माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे, अण्णा खुर्चीच्या कडेवर बसून फक्त मान हलवायचे. तिसऱ्या खेपेला सगळ्यांना सॅम्पलच्या मागाशी उभं केलं. अण्णांनी डिझाइनचा कागद हातात घेतला, बॉर्डरवर अंगठा ठेवला, वार्परशी तेलुगूत दोन वाक्यं बोलले आणि मला म्हणाले, “साहेब, एवढा ठोका दिला तर तिसऱ्या धुण्याला चुरमडतंय बघा.” लगेच उपायही सांगितला. शेजारच्या मागावर बीम संपत आलं होतं, फणी (ताण्याचे धागे जिच्यातून जातात ती) तीच. त्याच्या शेपटीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन तुकडे काढले, एक डिझाइनप्रमाणे आणि एक इंचामागे आठ पिक कमी. दोन्ही पाच वेळा धुतले. पहिल्याची बॉर्डर तिसऱ्या धुण्यालाच पापडासारखी झाली. पूर्वी हीच गोष्ट आम्हाला गिऱ्हाइकाच्या ईमेलवरून कळली असती.

दुसरा फायदा अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला. पॅकिंगच्या मावशींना बोलवायचं की नाही यावर आमच्यातच वाद झाला होता. त्या आल्या, नमुन्याची तीनपदरी घडी घातली आणि म्हणाल्या, “लेबल आत जातंय की! दुकानात कुणाला दिसणार?” लेबल दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. खर्च शून्य. हेच शिलाई झाल्यावर निघालं असतं तर हजारो लेबलं उसवत बसलो असतो.

आता तक्रारी. सगळ्यात मोठा फटका मे महिन्यात बसला. ‘कामं एकमेकांवर चढवा’ याचा आम्ही जरा जास्तच अर्थ काढला. गिऱ्हाइकाची मंजुरी यायच्या आधी, वेळ वाचेल म्हणून, दोन्ही बीम भरून ठेवली. त्यांनी रुंदीच बदलली. फणी बदलली, ताण्यांची संख्या बदलली आणि दोन्ही बीम कडेला पडून राहिली. पाइलचं बीम पुढे एका नॅपकिनच्या ऑर्डरला कसंबसं जिरवलं. जमिनीचं अजून ताडपत्रीखाली आहे. येताजाता मालक त्याच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

त्यानंतर कुठली गोष्ट कधी पक्की करायची हे ठरवलं. रुंदी आणि फणी लेखी मंजुरीशिवाय कुणी हलवायची नाही. फुलांची उंची मागावर थोडीफार सावरता येते, तिला उशीर चालतो. आमचा बहुतेक माल विणून झाल्यावर रंगतो, त्यामुळे रंगाची शेड शेवटपर्यंत मोकळी. ही यादी सॅम्पल मागाजवळच्या भिंतीवर चिकटवली आहे. टोयोटात भिंतींवर असे कागद लावलेल्या बैठकीच्या खोलीला ‘ओबेया’ म्हणतात, आमच्याकडे ‘भिंत’ म्हणतात.

दुसरी तक्रार माणसांच्या वेळेची. जॉबर तासभर माझ्याकडे असतो तेव्हा तिकडे त्याचे दोन माग तार (धागा) तुटून उभे असतात आणि विणकराची मजुरी बुडते, कारण ती उत्पादनावर आहे. एप्रिलमध्ये, कोरड्या हवेत तारा जास्त तुटतात तेव्हा, यावरून खरंच भांडणं झाली. शेवटी बैठक पाळी बदलताना, अर्धा तास, उभ्याउभ्या. विणकरांच्या बुडालेल्या वेळेचे पैसे द्यावेत असं मी दोनदा लेखी मांडलंय. उत्तर आलेलं नाही.

आणि जबाबदारीचा घोळ. सगळ्यांनी ठरवलं म्हणजे कुणीच ठरवलं नाही असं दोन-तीनदा झालं. आता प्रत्येक सॅम्पलला एकच धनी, त्याचं नाव कागदाच्या डोक्यावर.

हिशेब विचाराल तर नवीन सॅम्पल मंजूर व्हायला आमच्याकडे नऊ-दहा आठवडे जायचे, आता सहाच्या आसपास. सुरुवातीचा वेळ उलट वाढलाय, पहिले दहा दिवस मागावर काहीच दिसत नाही आणि मालकांचा धीर सुटतो. नेहमीच्या मालाला, त्याच फणीवर नुसता रंग बदलून जाणाऱ्या ऑर्डरला, हा खटाटोप करू नका. आम्ही महिनाभर केला, निव्वळ चहाचा खर्च. पाचपैकी साडेतीन देईन. नव्या मालाला साडेचार.

सध्या झीरो ट्विस्टचं काम हातात आहे. त्यात कापसाच्या बिनपिळाच्या सुताला पीव्हीए या कृत्रिम धाग्याचा आधार असतो आणि तो गरम पाण्यात विरघळून जातो. परवाच्या पहिल्याच बैठकीत डाईंग मास्टरांनी विचारलं, “हे 550 जीएसएम सांगताय ते पीव्हीए गेल्यावरचं की आधीचं?” मर्चंडायझरने फोन काढला आणि गिऱ्हाइकाला विचारायला बाहेर गेला.